मूल वीस वर्षांचं झालं, आता मोबाइलबद्दल बोलायचं कसं?

दहावीतल्या मुलाचा मोबाइल काढून कपाटात ठेवता येतो. वीस वर्षांच्या मुलाचा येत नाही. त्याच फोनवर कॉलेजच्या नोट्स येतात, त्यातूनच मेसचे पैसे जातात, आणि मूल पुण्यात नाहीतर कोल्हापुरात खोली घेऊन राहत असेल तर तुमचं त्याच्याशी बोलणंही त्यावरच होतं. तरी बहुतेक घरांत भांडण मात्र दहावीच्याच भाषेत चालतं: ‘ठेव तो आधी बाजूला!’

पालक मुलांना कसं वाढवतात आणि तरुणपणी ती सोशल मीडियात किती अडकतात, याचा अभ्यास बऱ्याच देशांत झाला आहे. त्यात साधारण एकच चित्र दिसतं. जिथे माया आणि ठाम नियम दोन्ही आहेत, त्या घरांतल्या तरुणांत अतिरेक कमी आढळतो. नुसता धाक किंवा नुसतं दुर्लक्ष असेल तिथे जास्त. मात्र हा संबंध फार जोरकस नसतो. शिवाय यातले बरेचसे अभ्यास एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत, आणि आईवडील कसे आहेत हेही मुलांनीच सांगितलेलं असतं. घरात ओरडा बसतो म्हणून मुलगा फोनमध्ये शिरतो, की तो दिवसभर फोनमध्ये असतो म्हणून ओरडा बसतो, हे त्यावरून ठरत नाही. बहुतेक घरांत दोन्ही एकदमच चालू असतं. त्यामुळे ‘म्हणजे सगळी चूक आमचीच’ असं कुणी वाटून घेऊ नये. पण या फेऱ्यातला एक भाग तुमच्या हातात आहे: तुम्ही काय बोलता आणि काय करता. अठरा वर्षांनंतर हातात राहतं तेही एवढंच.

पायरी १ : व्यसन आहे का, ते आधी पाहा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, व्हिडिओ गेमच्या विकाराला स्वतंत्र जागा आहे. सोशल मीडियाच्या व्यसनाला नाही. म्हणून ‘तू अ‍ॅडिक्ट झालायस’ हे वाक्य निदान म्हणून कुणाच्या तोंडावर फेकू नये.

संशोधक यासाठी जी प्रश्नावली सर्रास वापरतात, ती नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातून आली. २०१२ मध्ये ती फक्त फेसबुकपुरती होती, नंतर सगळ्या सोशल मीडियासाठी बदलून घेतली गेली. प्रश्न सहाच आहेत, आणि ते गेल्या वर्षभराबद्दल विचारायचे. त्यांचा आशय असा:

– फोन हातात नसतानाही मनात सोशल मीडियाच घोळत असतो का?
– वापर दिवसेंदिवस वाढवावासा वाटतो का?
– स्वतःच्या अडचणी विसरण्यासाठी तिकडे वळणं होतं का?
– कमी करायचं ठरवून जमलं नाही, असं झालं का?
– वापरायला मिळालं नाही की अस्वस्थ, चिडचिडं व्हायला होतं का?
– अभ्यासावर किंवा कामावर वाईट परिणाम झाला का?

प्रत्येक प्रश्नाला ‘अगदी क्वचित’पासून ‘अगदी नेहमी’पर्यंत एक ते पाच गुण. मूळच्या फेसबुक प्रश्नावलीसाठी सुचवलेला निकष असा होता की सहापैकी किमान चार प्रश्नांना चार किंवा पाच गुण पडले तर काळजी करावी. पुढे वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या सीमारेषा वापरल्या गेल्या, तेव्हा आकड्याला फार चिकटून बसू नका.

एक गोष्ट मात्र नीट बघा. ‘रोज किती तास?’ हा प्रश्न यात कुठेच नाही. चार तास इन्स्टाग्रामवर घालवून स्वतःच्या केकची विक्री करणारी मुलगी यात अडकणार नाही. दीड तासच बघणारा, पण त्या दीड तासापायी परीक्षेच्या आदल्या रात्री झोप घालवणारा मुलगा अडकेल. तास मोजत बसणारे पालक बहुधा भलत्याच ठिकाणी पाहत असतात.

ही प्रश्नावली मुलाच्या वतीने तुम्ही भरू नका. आधी स्वतःची भरा, खरीखुरी उत्तरं देऊन. मग ‘मी भरली, माझे अमुक आले, तुला भरायचीय का?’ असं म्हणता येतं. नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडा.

पायरी २ : आपल्या घरात काय चालतं ते लिहून काढा

पालकत्वाच्या पद्धतींची आज प्रचलित असलेली मांडणी डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केली. त्यांनी तीन पद्धती सांगितल्या. १९८३ मध्ये एलेनॉर मॅकॉबी आणि जॉन मार्टिन यांनी त्या दोन प्रश्नांवर बसवल्या आणि चौथी, दुर्लक्षाची पद्धत पुढे आली. ते दोन प्रश्न असे: तुम्ही मुलाकडून अपेक्षा किती ठेवता, नियम किती पाळायला लावता? आणि त्याचं ऐकता किती, माया किती दाखवता?

नियम भरपूर आणि ऐकणं शून्य, तर धाकाचं घर. ऐकणं भरपूर, नियम नाहीत, तर लाडाचं. दोन्ही नाही, तर दुर्लक्षाचं. दोन्ही आहे ते उरलेलं घर, आणि अभ्यासांत सर्वांत बरं ठरतं तेही हेच. त्यात आईबाबा ‘नाही’ म्हणतात, का ते सांगतात, आणि समोरच्याचं म्हणणं पटलं तर बदलतातही.

धाकाच्या घरातला मुलगा घर सुटेपर्यंत सरळ असतो. बारावीपर्यंत फोन नाही, टीव्ही नाही. मग अभियांत्रिकीच्या हॉस्टेलवर पहिल्यांदा सगळं एकदम हातात येतं आणि स्वतःला कुठे थांबवायचं याचा सराव तर कधी झालेलाच नसतो. पालक म्हणतात, ‘शहरात जाऊन बिघडला.’ लाडाच्या घरात थांबवायचा प्रसंगच येत नाही. दुर्लक्षाच्या घरात, आणि यात पैसा चिक्कार असलेली घरंही येतात, विचारपूस फोनवरच्या माणसांकडून होते. घरातल्यांकडून होत नाही.

मराठी घरात यातली एकच पद्धत शुद्ध स्वरूपात क्वचित सापडते. बाबांचा धाक आणि आईचा लाड ही जोडी जास्त. बाबा रिचार्ज बंद करतात, आई गुपचूप मारून देते. आजी घरात असेल तर तिसरी खिडकीही उघडी असते. मूल त्यातून नियम पाळायला शिकत नाही, वाट काढायला शिकतं.

अमेरिकी चौकट इथे जशीच्या तशी लावायचीही घाई नको. रूथ चाओ या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये चिनी वंशाच्या कुटुंबांबद्दल दाखवून दिलं की पाश्चात्त्य प्रश्नावलीत जे कठोर दिसतं, ते त्या घरांत काळजी म्हणून दिलं आणि घेतलं जातं. आपल्याकडेही ‘दहाच्या आत घरी ये’ हे दरवेळी जुलूमच असतं असं नाही. खरा विषारी भाग वेगळा आहे. ब्रायन बार्बर या संशोधकांनी १९९६ मध्ये वागण्यावरचं नियंत्रण आणि मनावरचं नियंत्रण यांत फरक केला. ‘जेवताना फोन नको’ हे पहिलं. दुसरं म्हणजे अपराधी वाटायला लावणं, माया आखडून घेणं, लाजवणं. त्याची मराठी वाक्यं आपल्याला पाठ आहेत: ‘तुझ्यासाठी पोटाला चिमटा काढला, त्याचे हे पांग फेडतोस.’ ‘काकांचा मुलगा बघ.’ ‘बोलूच नको माझ्याशी.’ आणि मग दोन-दोन दिवस अबोला.

आता वरच्या सहा प्रश्नांतला तिसरा पुन्हा वाचा. अडचणी विसरण्यासाठी फोन. टोमणा बसला की त्या जागेवरून उठून जायची सगळ्यात जवळची वाट म्हणजे खिशातला फोन. फोनच्या वापरावरून टोमणा मारायचा आणि त्या टोमण्यापासून पळायला पुन्हा फोनच, असं ते सुरू राहतं.

म्हणून या पायरीचं काम असं. एका आठवड्यात तुम्ही मुलाशी जी वाक्यं बोललात, ती आठवतील तशी वहीत उतरवा. सुधारून नाही, जशी बोललात तशीच. मग प्रत्येकापुढे खूण करा: हुकूम, टोमणा, प्रश्न, माहिती, किंवा सहज गप्पा. ‘किती वेळ झाला तुझा?’ हा प्रश्न नाही, टोमणा आहे. शक्य असेल तर नवरा-बायकोने वेगवेगळ्या वह्या लिहाव्यात आणि मग अदलाबदल करावी. पुष्कळ घरांत ‘सहज गप्पा’चा रकाना रिकामा निघेल.

पायरी ३ : आधी काही गोष्टी बंद करा

नवीन काही सुरू करण्याआधी हे करा. नाहीतर नवीन गोष्टही मुलाला जुन्याच धाकाचा पुढचा अंक वाटते.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं लास्ट सीन बघणं बंद करा. ‘रात्री दोनला ऑनलाइन होतास’ हे वाक्य एकदा ऐकलेली मुलगी दुसऱ्या दिवशी ते सेटिंग बंद करते, आणि तुमच्या हातातली तेवढी माहितीही जाते. मामेबहिणीकडून तिच्या स्टोरी बघून घेणं बंद करा. पासवर्ड मागणं बंद करा. वाय-फाय बंद करण्याचा तर काही उपयोगच नाही. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये रात्रीच्या रील्स सहज निघतात.

पाहुण्यांसमोर ‘हा काय, चोवीस तास मोबाइलमध्ये’ असं म्हणणं बंद करा. आईवडिलांना ही थट्टा वाटते. मुलांना तशी वाटत नाही.

बाहेरगावच्या मुलाला दिवसातून चार फोन होत असतील तर तेही कमी करा. जेवलास का, पोचलास का, फॉर्म भरलास का, उठलास का. काळजीपोटी पालक मुलाचे छोटे छोटे निर्णय स्वतःच घेऊन टाकतात, आणि मग स्वतःला आवरण्याचा मोठा निर्णय त्याच्याकडून एकदम मागतात.

पायरी ४ : बोला, पण कुठे आणि कधी ते निवडा

त्याच्या हातात फोन असताना बोलू नका. निकालाच्या दिवशी, जेवणाच्या ताटावर, रात्री अकरानंतर बोलू नका. शेजारी शेजारी असताना बोला. गाडीतून गावी जाताना, भाजी निवडताना, संध्याकाळी चालायला गेल्यावर. समोरासमोर बसवून ‘आपल्याला बोलायचंय’ म्हटलं की मूल आधीच बचावाला उभं राहतं.

सुरुवात तक्रारीने करू नका, तो काय बघतो त्यापासून करा. आणि खरंच ऐका. त्याला आवडणारा युट्यूबवाला तुम्हाला बावळट वाटला तरी ते लगेच सांगायची गरज नाही.

संभाषण साधारण असं जाऊ शकतं:

‘तू हल्ली काय बघतोस रे? हसत होतास मघाशी.’
‘काही नाही, असंच.’
‘बरं. मला पण त्या फेसबुकच्या व्हिडिओंचा नाद लागलाय. पाच मिनिटं म्हणून बसते आणि कुकर लागायचा राहतो.’
‘आई, तू तर माझ्यापेक्षा जास्त बघतेस.’
‘असेल. तुला कधी वाटतं का, की कमी व्हायला हवं?’
‘रात्रीचं वाटतं. झोपच येत नाही मग.’

इथे थांबायचं. ‘बघ, मी म्हणत नव्हते?’ हे शब्द ओठांवर येतील, ते गिळायचे. मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली एक अडचण, इथे झोप, हाती आली. पुढचं सगळं काम त्या एका अडचणीवर करायचं. अभ्यास, चष्म्याचा नंबर, नातेवाइकांना फोन न करणं हे सगळं त्यात कोंबू नका.

कधी अडचण फोनची नसतेच. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचं उदाहरण घ्या. सकाळी अभ्यासिकेत जायचं, जाहिरात कधी निघेल, निकाल कधी लागेल याचा पत्ता नाही, घरी गेलं की ‘यंदा काय?’. अभ्यासाचं साहित्य टेलिग्रामवर, चालू घडामोडी युट्यूबवर, आणि त्याच पडद्यावर पास झालेल्यांच्या मिरवणुका. तो फोन सोडू शकत नाही आणि फोन त्याला सोडत नाही. त्याच्याशी बोलायचं असेल तर विषय मोबाइल नसून ती अनिश्चितता आहे: अजून किती प्रयत्न, पैशाचं काय, दुसरी वाट कुठली. ही चर्चा अवघड असते, म्हणूनच बहुतेक घरं त्याऐवजी मोबाइलवर भांडतात.

पायरी ५ : घराचे नियम, सगळ्यांसाठी

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ मध्ये त्या गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. बातमी देशभर गेली, मुलांच्या अभ्यासाचं कौतुक झालं. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. भोंगा मोठ्यांसाठीही होता. आईची मालिका आणि बाबांचा मोबाइलही त्याच वेळेत बंद व्हायचा होता.

वीस वर्षांच्या मुलाला घालता येणारे नियम एवढेच: घराच्या सामायिक वेळेचे, सामायिक जागेचे, आणि तुमच्या पैशाचे. तो कुणाला फॉलो करतो, काय बघतो, कसले फोटो टाकतो, हे त्याचं आहे. मत जरूर सांगा, नियम करू नका. हा फरक मनात पक्का असला की निम्मी भांडणं आपोआप गळतात.

नियम दोनच ठेवा, जास्तीत जास्त तीन. उदाहरणार्थ, रात्रीच्या जेवणाला सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत. रिचार्ज आम्ही करू, पण ठरलेल्या रकमेचा. त्यापुढचा तुझ्या पैशाने. प्रत्येक नियमाचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर तो नियम काढा. महिन्याभराने पुन्हा बसून बघू, असं सुरुवातीलाच सांगा, आणि खरंच बसा. आईबाबांनी आधी आपसात एकमत करून घ्या. गुपचूप रिचार्ज मारणारी खिडकी बंद नसेल तर बाकी सगळं फुकट.

आणि तुमचा फोन. समोरच्याशी बोलता बोलता फोनमध्ये बघणारे पालक आणि मुलांचा फोनचा अतिरेक यांतही संबंध आढळला आहे. मुलगी काहीतरी सांगतेय आणि बाबा ‘हं, हं’ करत सकाळचे शुभेच्छांचे फॉरवर्ड पुढे ढकलतायत, हे दृश्य कुठल्याही नियमापेक्षा जास्त शिकवून जातं.

पायरी ६ : फोनमधले बदल, मुलाच्याच हातून

हे तुम्ही करायचं नाही. फक्त माहिती द्या, किंवा स्वतःच्या फोनवर करून दाखवा.

रील्स बघताना पुढचं कसं निघेल ते कळत नाही: दहा भिकार आणि अकरावं भन्नाट. अशा अनिश्चित बक्षिसाने लागलेली सवय फार चिवट असते, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत केव्हाच दाखवलं आहे. त्यात तळ नसलेली यादी, म्हणजे थांबायला जागाच नाही. तेव्हा ‘मनावर ताबा ठेव’ म्हणण्याऐवजी वाटेत अडथळे घालणं सोपं.

युट्यूबमध्ये पाहिलेल्याची नोंद बंद करून जुनी पुसली की पहिल्या पानावरच्या शिफारशी जवळपास नाहीशा होतात. हवं ते शोधूनच बघावं लागतं. इन्स्टाग्राममध्ये रोजच्या वेळेची आठवण लावता येते. माणसांचे मेसेज सोडून बाकी सगळ्या नोटिफिकेशन बंद. अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनवर स्क्रीन टाइम आहेच, पण त्यातली मर्यादा एका टिचकीत उठवता येते, म्हणून त्यावर फार भिस्त नको. सगळ्यांत उपयोगी उपाय सगळ्यांत जुना आहे: गजराचं साधं घड्याळ आणून द्यायचं आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा. हॉस्टेलवर दुसरी खोली नसते. तिथे निदान हात पोचणार नाही अशा टोकाला.

फोनमधून सुटलेल्या वेळेत काय, हा प्रश्न पालक विसरतात. ‘पुस्तक वाच’ हे उत्तर नाही. या वयाला माणसं लागतात. ढोल-ताशा पथक, नाटकाची तालीम, गडावरची भटकंती, क्रिकेटचा ग्रुप. गंमत अशी की फोनबद्दल कुरकुरणारेच पालक ‘पथकात रात्री उशीर होतो’ म्हणून तेही बंद करतात.

पायरी ७ : घसरण झाली तर, आणि मदत केव्हा घ्यायची

पंधरा दिवस छान जातात आणि मग एका रात्री तीनपर्यंत जाग होते. हे होणारच, प्रश्नावलीतला चौथा प्रश्न याबद्दलच आहे. ‘सुटलं ना शेवटी?’ म्हणू नका. त्या दिवशी काय झालं होतं, एवढं विचारा. कुठल्या तरी मुलाखतीतून नकार आलेला असतो, कुणाशी तरी बिनसलेलं असतं.

काही खुणा दिसल्या तर घरगुती प्रयोग थांबवून तज्ज्ञाकडे जा: आठवडे आठवडे झोपेचं चक्र उलटलेलं, कॉलेज किंवा नोकरी सुटलेली, आंघोळ-जेवण टळलेलं, पूर्वीचे मित्र पूर्ण तुटलेले. जगण्यात अर्थ नाही, मरावंसं वाटतं असं काही बोलणं निघालं तर एक दिवसही थांबू नका. फोटो दाखवून कुणी पैसे उकळत असेल, तर ती व्यसनाची नव्हे, गुन्ह्याची बाब आहे. आधी मुलाच्या पाठीशी उभे राहा, मग १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि पोलिसांना कळवा.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तिथे पालकही फोन करू शकतात, मुलगा तयार नसला तरी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. पण सुरुवातीला एवढं लांब जायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयाचा किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग पुरतो. अतिरेकामागे नैराश्य, चिंता किंवा लक्ष न टिकण्याचा त्रास लपलेला असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

नेताना ‘तुझ्या मोबाइलसाठी डॉक्टरकडे जायचंय’ म्हणू नका. ‘तुझी झोप लागत नाही, त्याचं बघू’ म्हणा, कारण ते खरंही आहे. अठरा वर्षांवरच्या माणसाची संमती लागते, आणि त्याने समुपदेशकाला काय सांगितलं ते सहसा तुम्हाला सांगितलं जाणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. बाहेर आल्यावर ‘काय म्हणाले?’ असं खोदून विचारू नका.

हे वाचणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर

आईबाबा हा लेख वाचून बदलतीलच असं नाही. तुमच्या बाजूने दोन गोष्टी करता येतात. घरी फोन करायची वेळ तुम्हीच ठरवा, ती सांगा आणि चुकवू नका; रोज नऊला दहा मिनिटं बोलणाऱ्या मुलाला दिवसाचे बाकीचे फोन बहुधा बंद होतात. आणि लास्ट सीन लपवायचं असेल तर जरूर लपवा, पण आधी घरी सांगून. न सांगता लपवलंत तर तुम्ही काहीतरी दडवताय अशी शंका येते. सांगून लपवलंत तर चार दिवस कुरकूर होईल, पण ‘हे माझं आहे’ असं तुम्ही घरात उघडपणे म्हटलेलं असेल.